बडोद्यातील शाळेची जुनी इमारत: पाडावी की बळकट करावी?

प्रश्न (विश्वस्त, दांडिया बाजार): आमच्या शाळेची दुमजली इमारत विटा-चुन्याची आहे. 26 जानेवारी 2001 च्या भूज भूकंपानंतर जिन्याजवळच्या कोपऱ्यात उभी भेग पडली असून, दरवर्षी गिलावा केला तरी पावसाळ्यानंतर ती पुन्हा डोके वर काढते. सारे पाडून नव्याने बांधावे काय?

उत्तर (स्थापत्य अभियंता): पाडण्याची घाई करू नये. 2016 च्या भारतीय भूकंपरोधक बांधकाम संहितेनुसार बडोदे तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, भूकंपक्षेत्रात येते आणि शाळेसाठी महत्त्व-गुणक 1.5 धरावा लागतो, म्हणजे साध्या इमारतीच्या दीडपट भूकंपबल गृहीत धरावे लागते. कोपऱ्यातील उभी भेग ही दोन भिंतींचा सांधा सुटत असल्याची खूण असते; गिलावा तिला झाकतो, जोडत नाही. तो खरवडून भिंतीच्या दोन्ही अंगांना पोलादी जाळी लावावी, ती आरपार सळ्यांनी बांधून वर सिमेंटचा थर द्यावा, आणि तसाच पट्टा दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून सर्व भिंतींवर अखंड फिरवावा. मध्येच तुटलेला पट्टा निरुपयोगी ठरतो. अर्थात, आधी पायाची तपासणी हवीच.

उत्तर (निवृत्त शिक्षिका): किल्लारीचा भूकंप 1993 साली पहाटे झाला, तेव्हा वर्ग रिकामे होते. भूजचा मात्र प्रजासत्ताक दिनी सकाळी झाला आणि कच्छमधील अंजारच्या अरुंद गल्लीत प्रभातफेरीतील मुले ढिगाऱ्याखाली सापडली. म्हणून भिंतींइतकीच गच्चीच्या कठड्यांची आणि फाटकापर्यंतच्या वाटेची काळजी घ्यावी, ही कळकळीची विनंती.

विश्वस्त: ताई, आमची वाट खरोखरच दोन उंच भिंतींमधून जाते. पायाच्या तपासणीबरोबर तिचीही मोजणी करून घेतो.