घराबाहेर, त्यातही तंबूत, झोपच लागत नाही. काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आमचा पक्षीनिरीक्षणाचा ग्रुप पेंचच्या जंगलात, सिल्लारीजवळ, तंबूत मुक्कामाला जातोय. पैसे भरून झालेत आणि मला आत्तापासून तिथल्या रात्रींचं टेन्शन आलंय.

घरी माझी झोप उत्तम. पाठ टेकली की पाच मिनिटांत घोरायला लागतो, असं घरच्यांचं म्हणणं. पण नागपूर सोडलं की संपलं. पुण्याला बहिणीकडे, लग्नात हॉलवर टाकलेल्या गाद्यांवर, लॉजवर, सगळीकडे तीच तऱ्हा. तंबूत तर विचारूच नका. मुक्काम लांबला तर पुढच्या रात्री जरा बऱ्या जातात, म्हणजे नेमकं निघायची वेळ आली की.

झोप येतच नाही असं नाही. डोळे जड होतात, डुलकी लागते, तेवढ्यात तंबूचं कापड फडफडतं आणि खाडकन जाग येते. त्यानंतर कान टवकारलेलेच राहतात. पिंगळ्यांचं भांडण सुरू झालं की ते मिटेपर्यंत मी साक्षीदार. चितळाचा अलार्म कॉल (वाघ-बिबट्या जवळ असल्याचा इशारा) आला की वेगळाच वैताग. सकाळी जिप्सीत याच आवाजासाठी श्वास रोखून बसतो आणि रात्री दोनला म्हणतो, बाबा रे, गप बस. पहाटे जरा डोळा लागावा, तर तंबूच्या छताला आतून साचलेलं पाणी टपकन कपाळावर पडतं.

थंडीचं वेगळंच. २९ डिसेंबर २०१८ ला खुद्द नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तेव्हा जंगलातल्या थंडीचं काय सांगू. दोन ब्लँकेटं घेऊनही पाठ गारच राहते.

इअरप्लग लावून पाहिले, निघून येतात. दमेपर्यंत चालून पाहिलं, पाय दुखले, झोप नाही. एक मित्र म्हणतो, अर्धी गोळी घे. पण परतताना गाडी मीच चालवतो, चार माणसं बसलेली असतात. मनसर-देवलापारच्या हायवेवर तारवटलेल्या डोळ्यांनी स्टिअरिंग धरणं मला पटत नाही.

गंमत म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेला मचाणावर बसलो, तिथे जागायचं होतं तर मान सारखी पडत होती. हा काय न्याय?

तर हा आजार आहे का? अंथरूण कसं असावं? आणि गोळीचं काय?

तलावकाठी (उत्तर)

आजार वाटत नाही. झोपेच्या अभ्यासकांना हे चांगलं माहीत आहे. प्रयोगशाळेत झोपायला आलेल्या माणसाची पहिली रात्र खराब जाते, हे १९६६ मध्येच नोंदवलं गेलंय. २०१६ मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या प्रयोगात असं दिसलं की नव्या जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतसुद्धा मेंदूचा डावा भाग उजव्यापेक्षा सावध असतो, बारीकशा आवाजालाही लवकर दाद देतो. पुढच्या खेपेला त्याच जागी हा फरक उरत नाही. थोडक्यात, तुमचा अर्धा मेंदू रात्रपाळीला असतो.

तुम्ही पक्षीवाले, म्हणून सांगतो. थव्याच्या कडेला झोपलेलं बदक बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवतं. मधल्या बदकांना तेवढी गरज पडत नाही. म्हणून तंबू वाटताना कडेचा घेऊ नका, मधला मागा. शास्त्र माणसाच्या बाबतीत काय म्हणेल ते म्हणो, मला स्वतःला मधल्या तंबूत निवांत वाटतं. आणि जायच्या आदल्या आठवड्यात तंबू गच्चीवर लावून त्यातच झोपा. जागा नवी राहिली तरी कापडाची फडफड, चेनचा आवाज, स्लीपिंग बॅगेतलं अवघडणं जुनं होऊन जातं.

संत्र्याची फोड

भाऊ, तुम्ही पक्के नागपूरचे न? मंग इतकं काऊन डोकं लावता? मार्च ते जून आपण कूलरच्या घरघरीत झोपतो. खसवरून पाणी टपकते, पंप बुडबुडते, पत्रा थरथरते, तरी ढाराढूर. बाकीच्या दिवसांत पंखा, थंडीतही एकवर असतोच. उन्हाळ्यात रात्री लाइट गेली की अख्खा मोहल्ला उठून बसते. कशानं? आवाज बंद झाला म्हणून! (गरमीनं बी, ते मान्य.)

तुम्हाले आवाजाचा त्रास नाही, शांततेचा आहे. शांततेत पान पडलं तरी ऐकू येते. मी तं आपल्याच पंख्याचा आवाज फोनमध्ये भरून ठेवला आहे. जंगलात एका कानात बारीक लावतो, फोन फ्लाइट मोडवर, म्हणजे बॅटरी बी टिकते. स्पीकरवर मात्र लावू नका. जंगलात आवाज करणं बरं नाही, आन् बाजूचे लोक मारतील.

सातपुड्याची वाट

पाठ गार पडते ती खालून. पांघरूण कितीही घ्या, अंगाखाली दबलं की त्यातली हवा निघून जाते आणि जमीन ऊब ओढून घेते. म्हणून दोन ब्लँकेटं असतील तर एक खाली. त्याआधी फोमची मॅट, तिच्यावर सतरंजी किंवा जुनी गोधडी. माझ्या अनुभवात खालचा थर जाड असला की वरचं निम्मं पुरतं.

दिवसभराच्या घामेजल्या कपड्यांत झोपू नका. कोरडे मोजे आणि कानटोपी झोपण्यापुरती वेगळी ठेवा. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण दोनदा तपासून, बाटली मोज्यात घालून पायाशी घ्यायची. मध्यरात्रीपर्यंत ऊब राहते. घरची उशी न्या, न धुतलेल्या अभ्र्यासकट. लोक हसतील, हसू द्या.

कपाळावर टपकतं ते आपल्याच श्वासातलं पाणी. थंडी वाजते म्हणून सगळ्या चेन लावून घेतल्या की ते आत साचतं, तेव्हा वरची जाळी थोडी उघडी ठेवा. आणि कितीही गारठा असला तरी निखाऱ्यांची शेगडी तंबूत नेऊ नका, कुणाला नेऊही देऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

इअरप्लग निघून येतात, कारण बहुतेक लोक ते नुसते कोंबतात. फोमचा प्लग बोटांत वळून सुतळीसारखा बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, मग सरकवा, आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवा.

शेकोटीवरचा रात्री नऊचा चहा बंद. घेतलेल्या कॅफिनपैकी जवळपास निम्मं पाच-सहा तासांनीही अंगात असतं. सावजी रस्सा खाऊन लगेच आडवं होणंही नको, छातीत जळजळ घेऊन कोण झोपणार?

पांढरा कोट

गोळीबद्दल. मित्र ज्या अर्ध्या गोळीबद्दल बोलतोय ती बहुधा अल्प्राझोलाम किंवा तसलीच असेल. ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नसते. सकाळी गुंगी उरते आणि तुम्हाला गाडी चालवायची आहे. सर्दीची अ‍ॅव्हिल, सेट्रिझिनही त्यासाठी नको. दारूनं डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप तुटते.

जाग आली तर घड्याळ बघू नका. किती तास उरले याचा हिशेब सुरू झाला की झोप गेलीच. फार वेळ तळमळत राहिलात तर उठून बसा, पेंग आली की पुन्हा आडवे व्हा. घरीसुद्धा आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने असं व्हायला लागलं तरच त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. त्यावर गोळीआधी सीबीटी-आय नावाची समुपदेशनाची पद्धत वापरतात.

जाता जाता, घोरण्याचं तुम्ही हसण्यावारी नेलंत. घोरताना श्वास अडकतो का, ते घरच्यांना विचारा. तसं असेल आणि दिवसा पेंग येत असेल, तर स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी करून घ्या. गाडी चालवणाऱ्यानं तर नक्कीच.

(मूळ धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. गोळी रद्द. घरी विचारलं, श्वास अडकत नाही म्हणतात, पण आवाज ट्रकचा असतो. तेव्हा मधला तंबू मागताना शेजाऱ्यांना आधी कल्पना द्यावी लागेल.

पंख्याचा आवाज कालच भरून घेतला. त्यात मधूनच कुकरची शिट्टी आलीय, परत भरतो. या शनिवारी गच्चीवर तंबू. बायको म्हणाली, खाली येऊन बेल वाजवलीस तर दार उघडणार नाही.

एकच शंका उरली. कानात प्लग असताना पहाटे साडेपाचचा गजर कसा ऐकू येणार? फोन वाजवला तर अख्खा कॅम्प उठेल.

सातपुड्याची वाट

मनगटावर थरथरणारा फिटनेस बँड घ्या, साधा असला तरी चालतो. नाहीतर सफारीला येणाऱ्या कुणाला तरी सांगून ठेवा, पायाचा अंगठा ओढून उठवायला.