मदत हवी आहे: रेडिओ स्टेशनचा मालक बदलला, सकाळचा वऱ्हाडी कार्यक्रम बंद. कोणाकडे जायचं?

धुऱ्यावरचा
तीन दिवस झाले, सकाळी सातचा कार्यक्रम लागत नाही. नुसती हिंदी गाणी आणि मधात जाहिराती. मालक बदलला म्हणतात. याची तक्रार कोणाकडे करायची असते? कलेक्टर ऑफिसात की थेट दिल्लीला? सोमवारच्या आत काहीतरी करायचं आहे, लवकर सांगा.

जुना निवेदक
स्टेशन कोणतं? आकाशवाणी, खाजगी की सामुदायिक, म्हणजे एखाद्या संस्थेनं गावासाठी चालवलेलं? तिघांचे नियम वेगळे. आणि मालक बदलला हे कोणी सांगितलं?

काळी कसदार
भाऊ, एफएम धरत नसेल तर अँटेनाला तांब्याचा हातभर तार बांधून खिडकीबाहेर सोडा. आमच्याकडे टिनाचं घर आहे, तरी खणखणीत लागते.

धुऱ्यावरचा
आवाज साफ येतो दादा, कार्यक्रमच नाही. स्टेशन खाजगी आहे. नाव टाकत नाही, आतमध्ये ओळखीची पोरगी आहे, तिच्या नोकरीवर यायला नको. जिंगल बदलली, नावापुढे नवीन शब्द लागला, त्यावरून मालक बदलल्याचं कळलं.

सातबारा
म्हणून म्हणतो आकाशवाणी ऐका. यवतमाळ 102.7, अकोला 102.4, चंद्रपूर 103, नागपूर मीडियम वेव्हवर 585. तिथं मालक बदलायची भानगडच नाही. आमच्या आबांनी पोस्टात लायसनचे पैसे भरून रेडिओ ऐकला, अजून तोच काटा आहे.

काळी कसदार
मीडियम वेव्हचं सांगू नका काका. शेजारच्या वावरात मोटर चालू झाली की नुसता भुंगा.

सातबारा
मग मोबाइलवर आकाशवाणीचं न्यूज ऑन एअर ॲप लावा. तिथं कोणता भुंगा?

काळी कसदार
निंदणाऱ्या बाईच्या पदराला मोबाइल बांधता का? आणि रेंज कोठी आहे?

धुऱ्यावरचा
स्टेशन बदलून माझं काम भागत नाही. सहा वर्षांपासून आमच्या तालुक्याच्या बाजार समितीतले भाव मीच त्या कार्यक्रमात सांगतो. आदल्या दिवशीची आवक, कापूस, तूर, सोयाबीन, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. सव्वासहाला फोन करतो, ती पोरगी लिहून घेते, सात दहाला हवेवर जाते. पैसे घेत नाही. आता तीन दिवस फोन वाजतो, कोणी उचलत नाही. आणि लोक मलेच विचारून रायले, आज भाव काहून नाही सांगितला.

जुना निवेदक
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं ना भाऊ! हा वेगळाच प्रश्न आहे.

मी अकरा वर्षं एका खाजगी स्टेशनवर होतो, दोन मालक पाहिले. सांगतो ते नीट वाचा.

मालकी बदलायला माहिती व प्रसारण मंत्रालयाची मंजुरी लागते, पण सकाळी कोणती गाणी लावायची, कोणत्या बोलीत बोलायचं हे परवानगीत लिहिलेलं नसतं. म्हणजे कार्यक्रम बंद केला म्हणून नियमभंग होत नाही. कलेक्टरचा याच्याशी संबंध नाही. 2011च्या खाजगी एफएमच्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने कंपनीला आपल्या स्टेशनांचं देशभर जाळं जोडायची मुभा दिली. मोठ्या शहरात एकदा कार्यक्रम करायचा, तोच दहा ठिकाणी सोडायचा. नव्या मालकाला पहिला खर्च तिथंच वाचताना दिसतो.

आता माझा अनुभव. मालक बदलला की आधी जिंगल जाते, मग रात्रीचे कार्यक्रम, मग दुपार. सकाळ सगळ्यात शेवटी, कारण गावातल्या दुकानदारांच्या जाहिराती सकाळीच असतात. तुमच्याकडे सकाळ पहिल्याच आठवड्यात गेली, म्हणजे मला निर्णयापेक्षा खोळंबा वाटतो. बहुतेक निवेदकांचे करार नव्या कंपनीकडे व्हायचे आहेत, तोवर बाहेरचं जोडून ठेवलं असेल. त्या मुलीला भेटा, फोन करू नका.

वऱ्हाडी ठेचा
त्यांच्या मागं कशाला लागता? स्वतःचं सामुदायिक रेडिओ काढा. 2006पासून संस्थांना आणि कृषी विज्ञान केंद्रांना परवानगी मिळते. मालक विकूच शकत नाही, परवाना दुसऱ्याच्या नावावर होत नाही. निम्मा कार्यक्रम तरी तिथल्या लोकांसोबत केलेला असावा लागतो. हाच कायमचा उपाय आहे, मी हे किती वर्षांपासून सांगतो आहे.

जुना निवेदक
ठेचाभाऊ, त्याला सोमवारी उत्तर पाहिजे. नोंदणी तीन वर्षं जुनी असलेली संस्था लागते, मग अर्ज, मंजुऱ्या, मनोरा, आणि ट्रान्समीटर 50 वॅटचा. दहा-पंधरा किलोमीटरच्या पलीकडे आवाज जात नाही. त्याचा तालुका त्यात मावेल का?

वऱ्हाडी ठेचा
मावणार नाही म्हणून सुरूच करायचं नाही का? 2023च्या एप्रिलमध्ये आकाशवाणीचे एकदम 91 ट्रान्समीटर सुरू झाले ते 100 वॅटचेच होते. लहान आवाजही कामाचा असतो.

पांदणवाट
विषय निघालाच आहे तर, लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26चा हमीभाव क्विंटलला 8,110 ठरला आणि आमच्याकडे व्यापारी ओलावा दाखवून कितीतरी खाली मागतो. कोणाकडे सीसीआयची, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाची खरेदी सुरू आहे का?

धुऱ्यावरचा
पांदणवाट, यासाठीच तर तो कार्यक्रम पाहिजे. माझी आई सकाळी गोठ्यात दूध काढते. रेडिओ खुंटीला टांगलेला असतो, त्याचं बटण तुटलं म्हणून बाभळीची काडी खोचली आहे. भाव आला की ती धार थांबवते, भांडं खाली ठेवते आणि ऐकते. मग बाबांना आवाज देते, आज गाडी नेऊ नका, नाहीतर न्या. काल तिनं गाणं सुरू असतानाच काडी फिरवून रेडिओ बंद केला. मी जवळच उभा होतो. काही बोलली नाही.

दुपारी बसने जाऊन येतो.

सातबारा
जाऊन ये बाप्पा. रागानं बोलू नको.

धुऱ्यावरचा
आलो परत. निवेदक काकांचं अर्धं खरं निघालं. पोरीचा करार महिनाअखेरपर्यंत आहे, सोमवारपासून ती परत सकाळी बोलणार. एक तारखेपासून मात्र सात ते नऊ दुसऱ्या शहरातून येणार, हे ठरलं आहे. तासाला दोन-दोन मिनिटं इथल्यासाठी मोकळी राहतील, आणि त्यात काय घालायचं ते नवीन मॅनेजर ठरवणार. तो सोमवारी अकराला येतो. भेटेन म्हणाला.

जुना निवेदक
दोन मिनिटं पुष्कळ झाली, भाव दीड मिनिटात होतात. वेळ पक्की मागा. सात दहा म्हणजे सात दहाच, नाहीतर ऐकणारा तुटतो. बातम्यांवर बंधन आहे म्हणून कोणी अडवलं तर ऐकू नका, खाजगी स्टेशनला आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात आणि हवामान, वीज, पाणी अशा सूचनाही चालतात. तुम्ही तर इतकी वर्षं भाव देतच आला. एकटे जाऊ नका. कृषी केंद्रवाले, सराफ, कापडवाले, जे सकाळी जाहिरात देतात त्यांची पत्रं न्या: भाव राहिले तर आमची जाहिरात राहील. मॅनेजरला हीच भाषा कळते.

वऱ्हाडी ठेचा
पत्रात आकडा टाकायला सांगा, वर्षाला किती रुपयांची जाहिरात देतो तो. आणि सामुदायिक रेडिओचा अर्ज मी पाठवून ठेवतो, वाचून ठेवा.

धुऱ्यावरचा
पाठवा ठेचाभाऊ. चार दुकानदारांशी बोललो, चौघंही हो म्हणाले. एकानं शिक्का मारून कोरं लेटरहेडच दिलं, म्हणे तू लिही. मजकूर कसा लिहू? कोणी चार ओळी टाकता का, आज रात्रीच पाहिजे.