द्राक्षातलं सीसीसी हिलिक कॉलमवर: स्टँडर्डचा पीक सुरेख, नमुन्याचा दुभंगलेला

रिटेन्शन_निफाड

नमस्कार मंडळी. नाशिकजवळच्या एका अवशेष तपासणी प्रयोगशाळेत मी एलसी-एमएस/एमएस (कॉलमने रेणू वेगळे करून मग वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) बघतो. निर्यातीचे नमुने सुरू झालेत आणि क्लोरमेक्वाटने (वेलीची वाढ रोखणारं औषध, बागायतदारांच्या भाषेत सीसीसी) डोकं उठवलंय.

आधी नेहमीच्या मल्टी-रेसिड्यू (एकाच वेळी अनेक अवशेष) पद्धतीतल्या सी-१८ कॉलमवर, म्हणजे तेलकट पृष्ठभागाच्या कॉलमवर, बघितलं. तिथे तो ०.६ मिनिटालाच बाहेर पडतो, म्हणजे व्हॉइडमध्येच, अजिबात न थांबता. म्हणून अमाइड हिलिक कॉलम (पोलर, म्हणजे पाण्याकडे ओढ असलेले रेणू धरणारा) घेतला: १०० बाय २.१ मिमी, १.७ मायक्रॉन. फ्लो मिनिटाला ०.४ मिलिलिटर. कॉलममधून वाहणारे द्रावक दोन, ए आणि बी. ए मध्ये २० मिलिमोलर अमोनियम फॉर्मेट आणि ०.१ टक्का फॉर्मिक आम्ल, बी मध्ये नुसतं अ‍ॅसिटोनायट्राइल, त्यातही तेवढंच फॉर्मिक. सुरुवात ९५ टक्के बी, मग ६० पर्यंत खाली आणि परत ९५ वर दोन मिनिटं. एक्स्ट्रॅक्शन क्विप्पे (QuPPe, पोलर अवशेषांसाठीची) पद्धतीने, आम्लयुक्त मिथेनॉलमध्ये. तोच अर्क गाळून थेट ५ मायक्रोलिटर इंजेक्ट करतो. स्टँडर्ड (माहीत प्रमाणाची शुद्ध द्रावणं) अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये बनवलेत.

स्टँडर्डचा पीक (आलेखावरचं शिखर) सुईसारखा येतो. नमुन्यात मात्र पीकला आधी एक खांदा दिसतो, कधी सरळ दोन तुकडे. रिटेन्शन टाइम (रेणू कॉलममधून बाहेर पडायला लागणारा वेळ) सकाळी ३.१ मिनिटं असतो, सीक्वेन्स पुढे सरकला की २.७ पर्यंत येतो. कॉलम नवाच आहे. पुरवठादाराला परत करावा का? साहेबांचं म्हणणं तेच आहे.

वेर्णा_क्यूसी

मी औषध कंपनीत क्यूसीला (गुणवत्ता तपासणीत) आहे, अवशेषांचा अनुभव नाही. पण मेटफॉर्मिनसारखा पोलर रेणू आम्ही आयन-पेअर अभिकर्मक (भारित रेणूशी जोडी जमवणारं रसायन) घालून सी-१८ वरच धरतो. हेप्टेन सल्फोनेट घातलं की छान थांबतो. हिलिकच्या भानगडीत पडण्यापेक्षा ते करून बघा. कॉलम कुठल्याही प्रयोगशाळेत सापडेल आणि रिटेन्शनही पक्का.

कॉलमवाली_पुणे

वेर्णावाल्या दादांचा उपाय यूव्ही डिटेक्टरवर उत्तम आहे, पण मास स्पेक्ट्रोमीटरवर नको. सोडियम हेप्टेन सल्फोनेट उडून जात नाही, सोर्समध्ये, जिथे आयन बनतात तिथे, क्षार साचतो. उडणारे आयन-पेअर आहेत, हेप्टाफ्लुओरोब्युटिरिक आम्ल वगैरे, पण ते नळ्यांमध्ये आणि कॉलममध्ये मुरून बसतं आणि नंतर त्याच यंत्रावर दुसऱ्या पद्धती चालवताना त्रास देतं. एकच यंत्र सगळ्या कामांना असेल तर त्या वाटेला जाऊच नये.

आता निफाडकर, कॉलम परत पाठवू नका. तुमच्याच लिहिण्यात उत्तर आहे: स्टँडर्ड अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये, नमुना मिथेनॉल-पाण्यात. हिलिकमध्ये पाणी हा जोरकस द्रावक आणि मिथेनॉलही त्याच बाजूचा. सिलिकाच्या पृष्ठभागाजवळ पाण्याचा पातळ थर धरलेला असतो, त्या थरात आणि वाहत्या अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये रेणू वाटला जातो, म्हणून तो थांबतो. अँड्र्यू अल्पर्टने १९९० मध्ये या तंत्राला नाव दिलं ते याच कल्पनेवरून. तुम्ही त्या कॉलमच्या तोंडावर ५ मायक्रोलिटर मिथेनॉल-पाणी सोडता. त्या डबक्यासोबत थोडे रेणू न थांबता पुढे वाहून जातात, तो तुमचा खांदा. उरलेले व्यवस्थित धरले जातात, तो खरा पीक. २.१ मिमीच्या कॉलमला ५ मायक्रोलिटर हे या द्रावकात फार झालं.

अर्क अ‍ॅसिटोनायट्राइलने पाचपट पातळ करा आणि २ मायक्रोलिटरच घाला. संवेदनशीलतेची धास्ती नको. दहा ग्रॅम नमुना शेवटी वीस मिलिलिटरमध्ये, म्हणजे अर्कात मिलिलिटरला अर्धा ग्रॅम द्राक्ष. पाचपट पातळ केल्यावर ०.१ ग्रॅम. किलोला ०.०१ मिलिग्रॅम असलेल्या नमुन्यातही तुमच्या व्हायलमध्ये मिलिलिटरला १ नॅनोग्रॅम राहतो. सीसीसी हा मुळातच धनभारित रेणू, आयनीकरणासाठी त्याला प्रोटॉन घ्यावा लागत नाही. आजच्या ट्रिपल क्वाड मास स्पेक्ट्रोमीटरला हे सहज दिसतं.

एक गोष्ट मात्र हाताने बघा. द्राक्षाच्या अर्कात अ‍ॅसिटोनायट्राइल ओतलं की तो दुधासारखा गढुळतो, साखर आणि बाकीचं बरंच काही बाहेर पडतं. व्हायल उजेडात धरली की तळाशी चिकट थेंबही दिसतो. हा गढूळपणा कॉलममध्ये गेला तर बॅक प्रेशर चढलंच म्हणून समजा. म्हणून आधी पातळ करा, थंड होऊ द्या, सेंट्रिफ्यूज करा आणि मग गाळा. बरेच जण आधी गाळून मग पातळ करतात, तसं नको. व्हायल पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या. असले कायम धनभारित (क्वाटरनरी अमोनियम) रेणू काचेच्या भिंतीला चिकटतात आणि कमी पातळीवर रिकव्हरी खाली येते.

रिटेन्शन सरकण्याचं कारण वेगळं. तुमच्या कॉलमात पाव मिलिलिटरपेक्षा किंचित कमी द्रव मावतं. ०.४ च्या फ्लोने दोन मिनिटं म्हणजे ०.८ मिलिलिटर, जेमतेम साडेतीन कॉलम व्हॉल्यूम. सी-१८ ला कसंबसं चालून जाईल. हिलिकमध्ये तो पाण्याचा थर पुन्हा जमायला वेळ लागतो, मी वीस व्हॉल्यूमच्या खाली येत नाही. तेवढ्या वेळात फ्लो ०.६ करा, अ‍ॅसिटोनायट्राइल जास्त असताना प्रेशर कमीच असतं, आठेक मिनिटांत भागेल. रन लांबतो, नमुने कमी होतात, साहेब कुरकुरतील. करू द्या.

आणि बी बाटलीतही क्षार घाला. सध्या ९५ टक्के बी ला तुमच्या मिश्रणात अमोनियम फॉर्मेट फक्त १ मिलिमोलर उरतं. इतक्या कमी क्षारात हा धनभारित रेणू सिलिकावरच्या उघड्या सिलॅनॉलला (ऋणभारित होणाऱ्या गटांना) पकडून बसतो, टेलिंगही (पीकला शेपूट) त्यातूनच. ९० टक्के अ‍ॅसिटोनायट्राइल, १० टक्के पाणी, त्यात १० मिलिमोलर अमोनियम फॉर्मेट असं बी बनवा. फॉर्मेट आधी पाण्यात पूर्ण विरघळवा, मग अ‍ॅसिटोनायट्राइल घाला.

मी एवढं लांबण लावते त्याला कारण आहे. २०१० मध्ये याच सीसीसीवरून आपली द्राक्षं युरोपात अडली. तेव्हा मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ रोखून घड चांगले यावेत म्हणून मारलेलं औषध कित्येक महिन्यांनी मण्यात सापडलं आणि ज्यांनी कर्ज काढून बाग उभी केली होती त्यांच्या पेट्या बंदरात पडून राहिल्या. तेव्हापासून या एका रेणूचा आकडा लिहिताना मी दोनदा क्रोमॅटोग्राम उघडते. दुभंगलेल्या पीकचं इंटिग्रेशन करून आकडा दिला तर अर्धं क्षेत्रफळ बाहेर राहतं आणि बागायतदार नाहक निश्चिंत होतो. किंवा उलट, शेजारचं काहीतरी त्यात धरलं जातं आणि चांगला माल नाकारला जातो.

रिटेन्शन_निफाड

ताई, मनापासून आभार. पाचपट पातळ करून, २ मायक्रोलिटर, बी मध्ये फॉर्मेट आणि लांब इक्विलिब्रेशन (दोन रनमध्ये कॉलम पुन्हा स्थिरावू देणं) असं रात्रभर चालवलं. खांदा गेला. रिटेन्शन ३.४ ला आलाय आणि सकाळपर्यंत तिथेच होता. गढुळाचं अगदी तुम्ही म्हणालात तसंच, तळाशी थेंब दिसला.

एक शंका उरली. काही नमुन्यांत १२२ ते ५८ या ट्रान्झिशनला (मूळ आयनचं वस्तुमान आणि त्याच्या तुकड्याचं) पीक दिसतो, पण दुसरं ट्रान्झिशन १२२ ते ६३ इतकं कमजोर आहे की पुष्टी करता येत नाही. अशा वेळी काय धरायचं?

कॉलमवाली_पुणे

१२४ ते ५८ हे ट्रान्झिशन जोडा. सीसीसीत एक क्लोरीन आहे. निसर्गात क्लोरीन-३५ आणि ३७ साधारण तीनास एक असतात, त्यामुळे १२४ चं क्षेत्रफळ १२२ च्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास यायला हवं. तुमच्याच स्टँडर्डमध्ये नेमकं किती येतं ते बघून ठेवा आणि नमुन्यात त्याच्या तीस टक्के इकडेतिकडे चालेल. रिटेन्शन ०.१ मिनिटाच्या आत जुळलं पाहिजे, आता तो स्थिर आहे तर जुळेल.

डी-४ क्लोरमेक्वाट (चार हायड्रोजनच्या जागी जड ड्युटेरियम असलेला तोच रेणू) आहे का तुमच्याकडे? नसेल तर मागवा, महाग आहे तरी. अर्कात नाही, एक्स्ट्रॅक्शनच्या आधी, कापलेल्या द्राक्षावरच घाला. द्राक्षात पोटॅशियम आणि साखर भरपूर, त्यातलं काही याच रेणूबरोबर बाहेर आलं तर सिग्नल दाबला जातो आणि नुसत्या द्रावकातल्या स्टँडर्डवरून काढलेला आकडा कमी येतो. १२६ ते ५८ वर डी-४ दिसेल, दाब दोघांवर सारखाच पडतो, गुणोत्तर टिकतं.

पॉझिटिव्ह नमुना आला तर तोच अर्क पुन्हा इंजेक्ट करण्यावर थांबू नका. राखून ठेवलेल्या द्राक्षातून नव्याने दहा ग्रॅम घेऊन सगळं पहिल्यापासून करा, मगच रिपोर्ट.

वेर्णा_क्यूसी

हे सगळं वाचून आमच्या एका पोलर अशुद्धीसाठी अमाइड कॉलम मागवायचं ठरवलंय. व्हॅलिडेशन नव्याने करावं लागेल हे माहीत आहे. ताई, तुम्ही रात्री कॉलम कशात ठेवता?

कॉलमवाली_पुणे

आधी अर्धं पाणी, अर्धं अ‍ॅसिटोनायट्राइल घालून क्षार पूर्ण धुवून काढायचा, मग ९५ टक्के अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये दोन्ही टोकं घट्ट बंद करून. कॉलमसोबत येणाऱ्या कागदावर काही वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा. आणि त्या कॉलमला वेगळी चिठ्ठी लावा, कोणी घाईत सी-१८ समजून त्यावर फॉस्फेट बफर सोडू नये.