गेमवर १८+ लिहिलेलं असतं, ते घरी कोणी बघतं का?

ठाणेकर_आई

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण कोणाशी तरी बोलायचंच होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगा (वय ११, सहावीत) आठ दिवस नाशिकला माझ्या नणंदेकडे राहून आला आणि आल्यापासून तोंडात एकच, जीटीए. आतेभाऊ अकरावीत आहे, त्याच्या कॉम्प्युटरवर जीटीए फाइव्ह आहे, रात्री घरातले झोपले की दोघं खेळायचे. मला वाटलं गाड्या पळवायचा गेम असेल. मग यूट्यूबवर दहा मिनिटं बघितलं आणि पोटात गोळाच आला. रस्त्यावरच्या माणसाला उगाच मारायचं, शिव्या तर विचारूच नका. गेमच्या कव्हरवर १८ चा आकडा लाल चौकोनात छापलेला असतो म्हणे, पण भाच्याने तो कोणाकडून तरी पेन ड्राइव्हवर आणलेला, कव्हर बघायचा प्रश्नच आला नाही.

घरी मी विषय काढला तर हे म्हणाले, अगं गेमच आहे, आम्ही पण मारामारीचे खेळलोय, काय झालं आम्हाला. म्हटलं ए सर्टिफिकेटच्या सिनेमाला न्याल का त्याला? नाही म्हणाले. मग हे कसं चालतं?

आणि दुसरी गोष्ट, मला जास्त भीती हिचीच वाटतेय. त्याच्या मोबाईलवर मी फॅमिली लिंक (पालकांना मुलाच्या फोनवर लक्ष ठेवता येतं ते गूगलचं ॲप) टाकलंय, १२+ पर्यंतचंच डाउनलोड होईल असं लावलंय, म्हणून निर्धास्त होते. परवा मेथी निवडत बसले होते, हा शेजारी सोफ्यावर असाच एक १२+ वाला गेम खेळत होता, हेडफोन चार्जिंगला लावलेला म्हणून आवाज बाहेर येत होता. तर एका मोठ्या पुरुषाचा आवाज, "छोटू, कौनसे स्कूल में है तू? घर पे कौन कौन है?" आणि हा अगदी सहज सांगायला लागला. मी फोन हातातून काढून घेतला. जुडी तशीच राहिली ताटात, रात्री भाजीच केली नाही.

मग १२+ चा अर्थ काय? हे आकडे ठरवतं कोण? आणि तुम्ही घरी नक्की काय करता? मनापासून सांगा.

---

टेस्टर_कोथरूड

ताई, मी आठ वर्षं गेम टेस्टिंगमध्ये काढली आहेत, माहीत आहे तेवढं सांगतो.

अमेरिकेत १९९२ ला मॉर्टल कॉम्बॅट नावाचा मारामारीचा गेम आला, त्यातल्या रक्तावरून १९९३ मध्ये तिथल्या सिनेटमध्ये सुनावणी झाली, सरकार कायदा करेल या भीतीने गेम कंपन्यांनी स्वतःच १९९४ मध्ये गेमला वयाचे शिक्के देणारं ईएसआरबी नावाचं मंडळ काढलं. युरोपात २००३ पासून तशीच पेगी नावाची पद्धत आहे, ३, ७, १२, १६, १८ असे आकडे त्यांचे. तुम्ही म्हणताय तो लाल चौकोन पेगीचाच. आपल्याकडे सिनेमाला सेन्सॉर बोर्ड आहे पण गेमला वयाचे आकडे देणारं असं वेगळं सरकारी मंडळ नाही, त्यामुळे इथे आपण जे आकडे बघतो ते बाहेरून आलेले असतात.

आता प्ले स्टोअरचं. तिथे रोज इतके ॲप चढतात की माणूस बसून प्रत्येक गेम खेळून आकडा देणं शक्यच नाही. म्हणून आयएआरसी नावाची पद्धत आहे, गेम बनवणारा एक प्रश्नावली भरतो, रक्त दिसतं का, शिवीगाळ आहे का, जुगारासारखं काही आहे का, लोक एकमेकांशी बोलू शकतात का, आणि त्या उत्तरांवरून आकडा आणि त्याच्या जवळच्या बारीक सूचना निघतात. नंतर तक्रार आली तर तपासतात, बदलतात, पण सुरुवात त्या प्रश्नावलीने होते. मी स्वतः अशी प्रश्नावली भरणाऱ्यांच्या शेजारी बसलोय, लोक मुद्दाम खोटं लिहीत नाहीत, पण प्रश्न असतात ते गेममध्ये काय आहे याबद्दल. समोरून कोण बोलणार आहे हे गेम बनवणाऱ्यालाही माहीत नसतं.

म्हणून तुमच्या १२+ च्या गेममध्ये तो माणूस आला. आकड्याच्या जवळपास बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, युजर्स इंटरॅक्ट (खेळणारे एकमेकांशी बोलू शकतात), इन-गेम परचेसेस (गेमच्या आत पैसे भरून खरेदी). त्या दोन ओळी मी आकड्याच्या आधी बघतो. आकडा सांगतो पडद्यावर काय दिसेल. अनोळखी माणसं आणि पैसा, हे दोन्ही त्या बारीक अक्षरात असतं आणि पालक तिथपर्यंत जातच नाहीत.

अजून एक, फॅमिली लिंकमध्ये मर्यादा लावायच्या आधी जे ॲप फोनवर आलंय ते आपोआप जात नाही, एकदा सगळी यादी उघडून बघा. आणि घरात दुसरं यंत्र आहे का, टॅब वगैरे? बहुतेक घरांत भोक तिथेच असतं.

---

रेडिंगकर

मी इंग्लंडमध्ये १४ वर्षं आहे, मूळ साताऱ्याचा. इथे कायदाच आहे, २०१२ पासून पेगी १२, १६, १८ चा गेम त्याहून लहान मुलाला विकला तर दुकानदारावर गुन्हा. अमेरिकेत उलट, तिथे कॅलिफोर्नियाने असा कायदा केला होता तो सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये रद्द केला, तिथली दुकानं विकत नाहीत ती स्वतःच्या नियमाने.

पण कायदा असून काय झालं ते सांगतो. मुलगा १३ वर्षांचा असताना त्याच्या वाढदिवसाला १८ वाला गेम घ्यायला गेलो, तो शेजारी उभा, काउंटरवरच्या मुलीने त्याच्याकडे बघितलं आणि मला विचारलं, हा १८ चा आहे, याच्यासाठी घेताय का? मी म्हटलं नाही, माझ्यासाठी. पोरासमोर. गाडीत बसल्यावर तो काहीच बोलला नाही आणि मलाही काही सुचेना. त्याला हवा होता म्हणून घेतला, वर्गातल्या सगळ्यांकडे आहे म्हणाला म्हणून घेतला, पण बापाने खोटं बोललेलं त्याने ऐकलं ते ऐकलं. आज तो २० चा आहे, त्याला तो दिवस लख्ख आठवतो. दुकान, कायदा, शिक्का सगळं जागेवर होतं, राहिलो होतो तो मी.

ताई, तुमच्या मिस्टरांना एवढंच सांगा की आपण खेळलो ते मारामारीचे गेम आणि हे यात फार फरक आहे. जीटीए फाइव्हमध्ये एक मिशन आहे त्यात खेळणाऱ्याला स्वतःच्या हाताने एका माणसाचा छळ करावा लागतो, हत्यार कुठलं वापरायचं तेही आपण निवडायचं. मी ते मोठेपणी खेळलो तरी मधेच उठलो. १८ उगाच नाही लिहिलेलं.

आणि छोट्या आकड्यावर पण जाऊ नका. फुटबॉलचे फिफावाले गेम वर्षानुवर्षं पेगी ३ मिळवत आले, रक्त नाही शिवी नाही म्हणून, पण आत खेळाडूंचे पॅक विकतात, पैसे भरायचे आणि आत कोण निघेल ते नशीब. बेल्जियमने २०१८ मध्ये असल्या प्रकाराला जुगार म्हटलं, आणि जर्मनीच्या मंडळाने ईए स्पोर्ट्स एफसी २४ ला (फिफावाल्या गेमचंच नवं नाव) १२ दिला. एकच गेम, एकाच्या मते तिसऱ्या वर्षी चालतो दुसऱ्याच्या मते बाराव्या. मग घरच्यांनी स्वतः बघितल्याशिवाय कसं कळणार सांगा.

---

मोबाईलवाला_इचलकरंजी

माझं मोबाईलचं दुकान आहे, समोरून बघतोय म्हणून लिहितो.

वर बरंच खरं लिहिलंय पण ते वाचणाऱ्या पालकांसाठी झालं. माझ्याकडे नवीन फोन घ्यायला आई येते, बरोबर पोरगं, आणि म्हणते दादा जरा जीमेल काढून द्या आणि त्याचा गेम टाकून द्या. जन्मतारीख विचारली की पोरगंच सांगतं, १९९५ टाका काका. पहिल्यांदा मी पण टाकायचो, गिऱ्हाईक खोळंबतं म्हणून. एकदा का जीमेलवर वय तीस पडलं की मग ते १२+ आणि १६+ सगळं गेलं, फोनला वाटतं मोठा माणूस वापरतोय. आता मी टाकत नाही. खरी तारीख टाकतो, आईच्या फोनवर फॅमिली लिंक जोडून देतो, वीस मिनिटं जातात, त्याचे पैसे घेत नाही. दोन गिऱ्हाईकं शेजारच्या दुकानात गेली, जाऊ देत.

पबजीचं सगळं मी बघितलंय. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने बंदी घातली, दुसऱ्या दिवशी पोरं दुकानात रांगेत, काका एपीके (स्टोअरच्या बाहेरून गेम टाकायची फाइल) टाकून द्या. मग २ जुलै २०२१ ला बीजीएमआय, म्हणजे पबजीचाच भारतासाठीचा गेम आला, त्यात १८ च्या खालच्यांना पालकांच्या नंबरवर ओटीपी, तर पोरं आजोबांचा नंबर टाकायची, आजोबा ओट्यावर बसलेले, नातू म्हणतो आबा फोन द्या जरा, आबा देतात. २०२२ च्या जुलैत तो पण स्टोअरवरून गेला, २०२३ च्या मे महिन्यात परत आला, लहानांना दिवसाला तीन तास असं ठरवून. नियम वाईट नव्हता. पण नियम आबाच्या फोनपर्यंत पोचतो आणि तिथे संपतो.

एक विनंती आहे सगळ्यांना. पालकांची जबाबदारी म्हणताना आमच्याकडच्या आईबापांना नावं ठेवू नका. दोघं सायझिंगमध्ये, यंत्रमागावर बारा बारा तास, घरी पोरगं आणि फोन, तो फोनच त्याला सांभाळतो. त्यांना इंग्रजीतलं युजर्स इंटरॅक्ट कोण वाचून दाखवणार? हे मराठीत, मोठ्या अक्षरात, डाउनलोडच्या बटणाच्या वर यायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

---

अर्धवट_इंजिनिअर

मी वयाने इथे सगळ्यांत लहान असेन, १९. मला थोडं वेगळं म्हणायचंय.

काकू, मी जीटीए तेराव्या वर्षी खेळलो, चोरून, मित्राच्या घरी. गेममुळे मी कोणाला मारायला निघालो नाही. पण झालं काय की घरी सांगता येत नव्हतं, म्हणून त्यातलं जे बघून झोप लागली नाही तेही सांगता येत नव्हतं. तो वर लिहिलेला छळाचा सीन मी पण बघितलाय, दोन रात्री डोक्यात होता, आईने विचारलं काय झालं, म्हटलं पोट दुखतंय. बंदी घातली की खेळणं थांबत नाही, फक्त घरी सांगणं थांबतं.

आमच्या बाबांनी नंतर एकच गोष्ट केली, कॉम्प्युटर माझ्या खोलीतून काढून हॉलमध्ये आणला, पाठ भिंतीला, पडदा सगळ्यांना दिसेल असा. काही ओरडले नाहीत. रविवारी शेजारी खुर्ची टाकून बसायचे, हे काय, तो कोण, हा का पळतोय असं विचारत. मला पहिल्यांदा वैताग यायचा, मग मीच बोलवायला लागलो.

त्यामुळे त्या फोनमधल्या माणसाबद्दल मुलाला ओरडू नका प्लीज, त्याला वाटेल चूक त्याची होती. त्याच्याबरोबर बसून त्या माणसाला ब्लॉक करा आणि रिपोर्ट करा, त्याच्याच हाताने, म्हणजे पुढच्या वेळी त्याला येईल.

---

ठाणेकर_आई

सगळ्यांचे खूप आभार, उशिरा लिहितेय कारण तुम्ही सांगितलेलं एकेक करत होते.

टेस्टर दादा, तुमचं बरोबर निघालं. घरात जुना टॅब आहे, त्यावर ह्यांचं जीमेल, म्हणजे वय ४२. त्यावर १६+ चे तीन गेम सापडले, मोबाईलवर एकही नव्हता. ह्यांना दाखवलं तेव्हा हे गप्प झाले, मग स्वतःच बसून ते काढून टाकले आणि टॅबवर मुलाचं खातं टाकलं. रेडिंगकर, तुमचा काउंटरचा किस्सा मी ह्यांना वाचून दाखवला होता, त्याचा परिणाम जास्त झाला असं मला वाटतं.

इंजिनिअर बाळा, तू लिहिलंस म्हणून मी ओरडले नाही. दोघं बसलो, त्यानेच त्या माणसाला ब्लॉक केलं, रिपोर्ट केलं. करता करता म्हणाला, आई हा आधी पण दोनदा आला होता, मला गन गिफ्ट देतो म्हणाला होता. हे त्याने मला एरवी सांगितलं असतं का माहीत नाही. अंगावर काटा आला ऐकून, पण तोंडावर काही दाखवलं नाही.

नणंदेला फोन केला. भांडण होईल अशी धास्ती होती. ती म्हणाली, वहिनी मला खरंच माहीत नव्हतं गं, तो दार लावून बसतो, मला वाटायचं अभ्यास. भाच्याशी मी वेगळं बोलले, त्याला म्हटलं तू मोठा आहेस, तुझं तू आणि तुझी आई ठरवा, पण माझा मुलगा शेजारी असताना नाही. हो मामी म्हणाला.

सध्या माइनक्राफ्ट चालू आहे, पेगी ७, हॉलमध्ये, टीव्हीसमोर. मला फक्त ब्लॉक फोडता येतात, तो मला घर बांधायला शिकवतोय. अनोळखी लोकांशी चॅट बंद केलंय. मग त्याने विचारलं की मित्रांशी कसं बोलू, तर मी वही पुढे केली, म्हटलं ज्यांच्या घरी तू जाऊन आलायस त्यांचीच नावं लिही. त्याने विचार करून तिघांची लिहिली, चौथं लिहून खोडलं. त्या तिघांच्या आयांना मी आज शाळेच्या गेटवर भेटतेय.