मदत हवी आहे: नोटीस न देता नोकरी सोडली, पगार अडकलाय

नमस्कार मंडळी. हडपसरला एका छोट्या कंपनीत अकाउंट्सला होतो. आईचं ऑपरेशन अचानक ठरलं, रजा नाकारली. मग १७ तारखेला संध्याकाळी राजीनाम्याचा मेल टाकला, कपाटाची चावी शिपायाच्या हातात दिली आणि निघालो. चूक माझीही आहे, मान्य. पण आता एचआर म्हणते, नोटीस ३० दिवसांची होती, १७ दिवसांचा पगार विसरा, उलट तुम्हीच १३ दिवसांचे भरा! (हिशेब सगळा तोंडी, कागद एकही नाही.) २०१९ च्या वेतन संहितेत तर राजीनाम्यानंतर कामाच्या दोन दिवसांत पैसे द्यायचे असं आहे ना? शिवाजीनगरच्या कामगार आयुक्त कार्यालयात कुणी तक्रार केलीय का? साधा अर्ज चालतो की आधी वकील गाठू? नेमणूकपत्र आणि हजेरीचे स्क्रीनशॉट आहेत माझ्याकडे.