‘द इव्हिल डेड’ हा भयपट फक्त भयकथाकार स्टीफन किंगमुळे चालला का?

हे अर्धंच खरं आहे. 1982 मध्ये कान चित्रपट महोत्सवाच्या वेळी तो पाहून किंगने भरभरून लिहिलं आणि न्यू लाइन या अमेरिकी कंपनीचं वितरण मिळायला त्याचा मोठा हातभार लागला, हे मान्य. पण किंगला भावलं ते कॅमेऱ्याचं काम, आणि ते श्रेय दिग्दर्शक सॅम रायमीच्या चमूचंच.

चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारं स्टेडिकॅम हे उपकरण परवडणारं नव्हतं. म्हणून लांब लाकडी फळीच्या मधोमध कॅमेरा बसवला आणि दोन टोकं धरून दोघं जंगलातून धावले. पावलांचे हिसके फळीच्या मध्यापर्यंत पोचताना बरेच विरतात, उरलेली थरथर वाइड (रुंद दृश्य टिपणारी) लेन्स झाकते. टेलिफोटो (दूरचं जवळ आणणारी) लेन्स लावली की हीच युक्ती फसते, चित्र नुसतं हादरतं.

रक्त म्हणजे कॉर्न सिरप, लाल खाद्यरंग आणि कॉफीची क्रीमर पावडर. पावडर वगळली तर मिश्रण पारदर्शक राहतं, दिव्यासमोर सरबत दिसतं. वाळल्यावर सिरप कडक होतं, शर्ट पुठ्ठ्यासारखा होतो. त्यामुळे सलग दृश्यांत कपड्यांचा मेळ राखणं अवघड. 16 मिमी फिल्मवरचं चित्र 35 मिमीवर वाढवल्याने उठून दिसणारे फिल्मचे दाणे (ग्रेन) मात्र इथे पथ्यावर पडले, रबरी मुखवट्यांच्या कडा त्यात लपतात.

ब्रिटनमध्ये ‘व्हिडिओ नॅस्टी’ (आक्षेपार्ह ठरवलेले हिंसक व्हिडिओ) म्हणून त्याच्या कॅसेट जप्त झाल्या, विनाकाटछाट आवृत्तीला 2001 उजाडलं. ती कारवाई अतिरेकीच होती. झाडांकडून होणाऱ्या बलात्काराच्या प्रसंगावरचा आक्षेप मात्र मला पूर्ण पटतो. तो प्रसंग घेतल्याचा रायमीलाही पुढे पस्तावा झाला.