रॅपमध्ये संगीत नेमकं कुठे असतं? एका जुन्या रॉकवाल्याचा प्रश्न

रंगभवन८७

मंडळी, घरात वाद पेटलाय आणि तो घरातल्या घरात मिटेल असं दिसत नाही, म्हणून इथे मांडतो.

मी रॉकवर वाढलो. कॉलेजात असताना धोबी तलावच्या रंगभवनात ‘इंडिपेन्डन्स रॉक’ला हजेरी ठरलेली असायची. लेड झेपेलिन, ब्लॅक सॅबथ, पिंक फ्लॉइड या बँडच्या कॅसेटी फीत ताणली जाईपर्यंत ऐकल्या. माझी भाची मात्र ठामपणे म्हणते की मामा, नवं काही घडतंय ते रॅपमध्ये, तुमचं रॉक आता आठवणींचा कार्यक्रम झालाय. २०१८ मध्ये रॅपर केन्ड्रिक लमारला संगीताचं पुलित्झर मिळालं. त्याआधी ते शास्त्रीय आणि जॅझच्या बाहेर कधी गेलंच नव्हतं. तेव्हापासून तर तिच्या हातात कोलीतच आहे.

तिने मला न्यूयॉर्कचा रॅपर नास याचं ‘एन. वाय. स्टेट ऑफ माइंड’ ऐकायला लावलं. १९९४ चं गाणं, नास तेव्हा जेमतेम विशीचा. हेडफोन लावून, मन लावून ऐकलं. शब्द दमदार आहेत, वादच नाही. पण संगीत? पियानोचे खर्जातले मोजके सूर, आणि जवळजवळ पाच मिनिटं तेच ते. चाल नाही, विस्तार नाही, सोलो नाही. ते सूरही दुसऱ्याच्या रेकॉर्डवरून उचललेले.

उलट सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमीकडे बघा. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात उजव्या हाताच्या बोटांची टोकं गेली, तर गड्याने प्लास्टिक वितळवून टोपणं केली, हलक्या तारा चढवल्या, पुढे त्या सैल सोडल्या, आणि त्यातून एक नवाच आवाज जन्माला घातला. मी याला साधना म्हणतो. रॅपमध्ये या तोडीचं काय आहे? चिडून विचारत नाहीये. जाणकारांनी सांगावं, मी ऐकेन.

सांजसूर

तुलनाच चुकते आहे असं वाटतं. रॅप हे काव्य आहे, रॉक हे संगीत. काव्याला काव्याच्या मापाने मोजा, म्हणजे वाद संपला.

फेडरवाली (ठाणे)

@सांजसूर, नाही पटलं. ‘शब्द छान, संगीत नाही’ असं म्हणून रॅपची नेहमी सभ्यपणे बोळवण केली जाते. ते काव्य आहेच, पण आधी ते संगीत आहे, आणि रंगभवन काकांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर संगीताच्याच भाषेत देता येतं.

मी लाइव्ह साउंड करते. ठाणे, पुणे, नाशिक, जिथून बोलावणं येईल तिथे. एकाच रात्री आधी चौघांचा रॉक बँड आणि मागून दोन रॅपर, असे कार्यक्रम आता सर्रास असतात. दोघंही माझ्याच कन्सोलवरून (आवाज जुळवायच्या टेबलावरून) जातात, आणि एकेक चॅनल सुटा करून मला दोघांनाही जवळून ऐकता येतं.

रॅपमध्ये माणसाचा आवाज हे तालवाद्य आहे. काका, तुम्ही चाल शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही, कारण गायकी तिथे नाहीच. ती आहे अक्षर आणि ठोका यांच्या मधल्या अंतरात. नासचंच गाणं घ्या. लय साधारण मिनिटाला ८४ ठोके, म्हणजे चार ठोक्यांचं आवर्तन तीन सेकंदांच्या आत संपतं. दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा ड्रम, पडतो. बोटाने तो स्नेअर धरून ऐका. नासचं वाक्य आवर्तनाबरोबर संपत नाही, पुढच्यात सांडतं. यमक ओळीच्या टोकाची वाट बघत नाही, मध्येच दोन-तीनदा वाजून जातं. कधी अक्षरं ठोक्याच्या किंचित मागे रेंगाळतात आणि पुढच्या अर्ध्या ओळीत तो ती उधारी फेडतो. पियानो हलत नाही तो मुद्दाम. तबल्याच्या सोलोमागे सारंगीवर तोच लेहरा अर्धा तास चालतो, तेव्हा ‘चाल पुढे सरकेना’ अशी तक्रार आपण करतो का? लेहरा स्थिर असतो म्हणून तर तबलजीने काय केलं ते कळतं. गाण्याचा निर्माता डीजे प्रीमियरने त्या पियानोचा लेहरा केला आहे. नासने पहिलं कडवं एका टेकमध्ये म्हटलं, असं प्रीमियरनेच सांगितलंय. गाण्याच्या सुरुवातीला ‘कसं सुरू करू कळत नाही’ असं नास पुटपुटतो, तेही तसंच ठेवलंय.

हा रस्ता पाडला रॅपर रकीमने. त्याच्या आधी बहुतेक रॅपर ओळीच्या शेवटी यमक ठोकायचे आणि गर्दीवर ओरडायचे. रकीम सॅक्सोफोन वाजवायचा, जॅझचा सॅक्सोफोनवादक कोल्ट्रेन त्याच्या कानात मुरलेला. १९८७ च्या ‘पेड इन फुल’ अल्बममध्ये त्याने आवाज खाली आणला आणि वाक्यं सॅक्सोफोनच्या फिरतीसारखी आवर्तनावरून लांबवली. नासच्या त्या गाण्यात ध्रुवपदाच्या जागी रेकॉर्ड घासून जो तुकडा वाजवलाय ना, तो रकीमचाच आवाज आहे. शिष्याने गुरूचं नाव घ्यावं तसं आहे ते.

आता साधनेबद्दल. पुण्यात एका कार्यक्रमाच्या साउंडचेकला एक विशीतला मुलगा मराठीत रॅप करायला आला होता. वही उघडून बसलेला, ओळींमध्ये लाल पेनने टिंबं. विचारलं तर म्हणाला, “ताई, इथे श्वास घ्यायचा. इथे चुकला की पुढच्या ओळीतला ‘भ’ पडतो.” मग बीट, म्हणजे मागचा ठेका, न लावता, मांडीवर थाप देत त्याने अख्खं कडवं म्हटलं. नंतर बीटवर म्हणताना मी त्याचा चॅनल हेडफोनवर घेतला. प्रत्येक श्वास तो नेमका स्नेअरच्या आवाजाखाली घेत होता. बाहेर कुणाला श्वास ऐकूच येत नव्हता, कडवं सलग वाहत होतं. गिटारवाल्याचा एखादा स्ट्रोक घसरला तर बास आणि सिम्बल सावरून घेतात. याच्याकडे एकच माइक, मागे लॅपटॉप. दम तुटला की अख्ख्या मैदानाला कळतं. ही मेहनत आयोमीच्या टोपणांइतकीच खरी आहे.

(आणि रॅपर मंडळींनो, हात जोडून विनंती, माइकची जाळी मुठीत धरू नका. मागच्या फटी बुजल्या की माइक चहूबाजूंचं ऐकायला लागतो, मंचावरच्या मॉनिटर स्पीकरचा आवाज परत आत शिरतो आणि शिट्टी वाजते. इतक्या कष्टाने बसवलेली अक्षरं त्यात पार चेपून जातात.)

रंगभवन८७

लेहऱ्याचा मुद्दा मनाला लागला. तसं कधी ऐकलं नव्हतं, परत लावून बघतो. पण उचललेल्या सुरांचं काय? सारंगीवाला तिथे बसून वाजवतो. इथे १९७८ सालच्या जो चेम्बर्सच्या रेकॉर्डमधला तुकडा कापून फिरवत ठेवलाय. वाजवलं एकाने, नाव झालं दुसऱ्याचं.

फेडरवाली (ठाणे)

तुमच्या झेपेलिनकडेच जाऊ. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’, १९७१. मूळ गाणं मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांचं, १९२९ चं, १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावरचं. झेपेलिनने ते घेतलं आणि श्रेयात मेम्फिस मिनीचं नाव ठेवलं, हे चांगलंच केलं. पण त्या गाण्यात अंगावर येतं काय? झेपेलिनच्या बॉनमचे ड्रम. हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात ड्रम खाली जिन्याच्या पायथ्याच्या दालनात मांडले आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्या अँडी जॉन्सने दोन माइक वर जिन्यात टांगले. ड्रमच्या तोंडाशी माइकच नाही. आपण ऐकतो तो जिन्यात घुमलेला वाडा आहे. आमच्या धंद्यात आजही त्या आवाजाचं नाव काढलं की माणसं हातातलं काम ठेवतात.

१९८६ मध्ये रॅप गट बीस्टी बॉइजनी आपल्या पहिल्या अल्बमचं पहिलंच गाणं त्या ड्रमवर उभं केलं. आता सांगा, १९२९ चं गाणं १९७१ मध्ये घेणं ही परंपरा, आणि १९७१ चे ड्रम १९८६ मध्ये घेणं ही चोरी, असा हिशेब कसा लावायचा? अमेरिकेतलं हे सगळं संगीत एकमेकांच्या अंगणातून वेचूनच वाढलंय. सॅम्पल करणारा, म्हणजे जुन्या रेकॉर्डमधला तुकडा उचलणारा, काय निवडतो, कुठे कापतो, कशावर ठेवतो, यात त्याचा कान दिसतो. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये सेजविक अव्हेन्यूवरच्या पार्टीत डीजे कूल हर्कने तबकड्या लावल्या, आणि गाण्यातला नाचणाऱ्यांना हवा असलेला नुसत्या ड्रमचा तुकडा दोन टर्नटेबलांवर लांबवत नेण्याची त्याची युक्ती हाच रॅपचा पाया ठरला. कुठला तुकडा लांबवण्याजोगा, हे ओळखणं हीच तिथली कला.

पैशाचा मुद्दा मात्र शंभर टक्के तुमचा. ‘द विन्स्टन्स’च्या १९६९ च्या एका गाण्यात ग्रेगरी कोलमनने वाजवलेला काही सेकंदांचा ड्रमचा तुकडा ‘आमेन ब्रेक’ म्हणून जगभर हजारो गाण्यांत वापरला गेला. कोलमनला त्याची दमडी मिळाली नाही. २००६ मध्ये तो बेघर अवस्थेत गेला. हे आठवलं की माझा जीव तुटतो, आणि यावर कुठलीही सारवासारव मी करणार नाही. १९९१ मध्ये विनापरवानगी सॅम्पल वापरल्याबद्दल रॅपर बिझ मार्कीविरुद्ध न्यूयॉर्कच्या कोर्टाचा निकाल लागला, तेव्हापासून परवानगी घेणं भाग पडलं. त्यानंतरही ज्याच्याकडे हक्क त्याला पैसे, ज्याने वाजवलं तो कोरडाच, असं होतंच.

कडकलक्ष्मी

एक भर घालते. त्याच १९८६ मध्ये रॅप गट रन-डीएमसीने रॉक बँड एरोस्मिथला सोबत घेऊन ‘वॉक धिस वे’ केलं. मूळ १९७५ चं गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं होतं, हे चौथ्यापर्यंत गेलं. निर्माता रिक रुबिन. त्याच वर्षी त्याच रुबिनने मेटल बँड स्लेअरचं ‘रेन इन ब्लड’ही केलं, आणि स्लेअरच्या केरी किंगने बीस्टी बॉइजच्या गाण्यात सोलो वाजवला. भिंत श्रोत्यांनी बांधलीये, वाजवणाऱ्यांनी नाही.

अक्षरवऱ्हाडी

राजेहो, मी अमरावतीकडचा, मराठीत रॅप लिहितो. फेडरवाली ताईंनी श्वासाचं लिहिलं ते वाचून बरं वाटलं, ते कुणी बोलत नाही.

मराठीपुरतं सांगतो. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं. त्यामुळे ‘येतो, जातो, खातो, गातो’ असं यमक फुकटात मिळतं, आणि फुकटचं यमक ऐकणाऱ्याला लवकर कंटाळा आणतं. पुढची ओळ कशी संपणार हे त्याला आधीच कळतं. म्हणून क्रियापद उचलून मध्ये टाकायचं आणि शेवटाला नाम आणायचं. ते करताना वाक्य कृत्रिम वाटलं की फाडून फेकायचं. मग जोडाक्षरं. ‘धक्का’, ‘पट्टा’, ‘रक्त’ म्हणताना जीभ क्षणभर अडते. ते अडणं बरोबर स्नेअरवर बसलं की शब्दच ठोका होतो. एकेका ओळीवर माझे दिवस जातात.

मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप गटामधला एमसी मवाली ऐका. आरेच्या जंगलावरच्या ‘वारली रिव्होल्ट’मध्ये त्यांच्याबरोबर आरेच्याच पाड्यावरचे प्रकाश भोईर गातात. तिथे तुम्हाला चाल पण सापडेल, काका.

रंगभवन८७

भोईरांचा आवाज ऐकला. फार आवडला. नास परत लावला, स्नेअर धरून. वाक्य सांडतं म्हणजे काय ते आता ऐकू येतं, आणि एकदा ऐकू आलं की कान तिकडेच जातो.

तरी एक गोष्ट सोडणार नाही. चार माणसं एका खोलीत एकमेकांकडे बघून वाजवतात तेव्हा लय जिवंत असते. ड्रमर जरा मागे बसतो, गिटार पुढे ओढतं, गाणं शेवटाकडे तापतं. लूप, म्हणजे फिरत राहणारा तोच तुकडा, तापत नाही. रॉकचा मोठेपणा मला तिथे दिसतो, आणि रॅपवाल्यांनी त्याची बरोबरी केलेली मी ऐकलेली नाही.

फेडरवाली (ठाणे)

चौघांनी मिळून लय ताणणं मलाही सगळ्यात प्रिय आहे. बँड खरोखर तापला की माझा हात फेडरवर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीवर) नुसता पडून राहतो, काही करावंसंच वाटत नाही. बहुतेक लूपवर ते मिळत नाही, हे मान्य.

पण डेट्रॉइटचा बीट बनवणारा जे डिला ऐका. एमपीसी ३००० या ताल बांधायच्या यंत्रावर तो ड्रम बोटांनी वाजवायचा, आणि यंत्राच्या चौकटीत ते नीट बसवून घ्यायचं नाकारायचा. किक (खर्जाचा मोठा ड्रम) जरा उशिरा, स्नेअर जरा लवकर, हाय-हॅट (झांजांची जोडी) सरळ. लूप तोच, पण आतून लंगडत, झुलत चालतो. त्याचं ते यंत्र आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे. ‘द रूट्स’ या रॅप बँडचा ड्रमर क्वेस्टलव्ह हे ऐकून हादरला. वर्षानुवर्षं घड्याळासारखं नेमकं वाजवायला शिकलेला माणूस, यंत्रावरचं ते झुलणं हाताने जमावं म्हणून परत शिकायला बसला. २००० साली आलेल्या सोल गायक डी’अँजेलोच्या ‘व्हूडू’वर त्याने तसंच वाजवलंय, खोलीत माणसं, हातात वाद्यं, आणि चाल डिलाच्या यंत्राची. काका, तुम्हाला हवी असलेली लय तिथे आहे.

भाचीला सांगा, मोबाइलवर लावू नकोस. त्या स्पीकरला किक ऐकूच येत नाही, आणि त्या अल्बमचं सगळं काम किक आणि बास यांच्या मधल्या जागेत केलंय. घरात जुने मोठे स्पीकर असतील तर तेच काढा.